कविता ऐकणारे गाव : आयोवा सिटी

शिकागोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या ८० क्रमांकाच्या महामार्गाने सुमारे साडेतीनशे किलोमीटर गेल्यावर, मिसिसिपी नदी ओलांडून तासाभराच्या वाटेवर, अमेरिकेच्या आयोवा राज्यातील आयोवा सिटी हे गाव लागते. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ७५ हजार असून तिच्यात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा आहे. समुद्रकिनारा, डोंगररांगा किंवा प्राचीन अवशेष यांपैकी प्रवाशाला खेचून आणणारे असे येथे काहीच नाही. तरीही १९६७ पासून बहुतेक वर्षी ऑगस्टच्या अखेरीस जगाच्या निरनिराळ्या भागांतून कवी, कथाकार, कादंबरीकार आणि नाटककार येथे येतात, सहसा अडीच-तीन महिने राहतात, लिहितात आणि मुक्कामाच्या काळात गावातील लोकांपुढे आपले लेखन मोठ्याने वाचून दाखवतात. परक्या भाषेतील कवीने अनोळखी श्रोत्यांपुढे केलेले हे वाचन म्हणजे या गावाच्या वाङ्मयीन जीवनाचा गाभा होय. इतर सर्व गोष्टी, म्हणजे विद्यापीठ, पुस्तकांची दुकाने, पदपथांत बसवलेली लेखकांची वचने, या गाभ्याभोवती जमलेल्या आहेत.

येथे येणाऱ्या परदेशी लेखकाचा प्रवास बहुधा शिकागोच्या विमानतळावरून सीडर रॅपिड्सच्या लहान विमानतळापर्यंत आणि तेथून मोटारीने अर्ध्या तासाचा असतो. या अर्ध्या तासात दिसते ती मका आणि सोयाबीन यांची जमीन. आयोवा म्हणजे सपाट मैदान अशी जी समजूत आहे ती या भागापुरती तरी खरी नाही. जमीन हलक्या लाटांसारखी चढते-उतरते, आणि ऑगस्टमध्ये मका पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला असल्यामुळे रस्ता दोन हिरव्या भिंतींमधून चालल्यासारखा वाटतो. हा मका माणसाने भाजून खायचा नव्हे, तर मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी आणि इंधनात मिसळायच्या इथेनॉलसाठी पिकवलेला असतो. एकेकाळी येथे उंच गवताची ‘प्रेअरी’, म्हणजे झाडे विरळ असलेली विस्तीर्ण गवताळ भूमी, पसरलेली होती. नांगराने तिचा जवळजवळ संपूर्ण नाश केला आणि आज मूळ प्रेअरीचा एक सहस्रांशाहूनही कमी भाग उरला आहे. सप्टेंबरअखेर मका वाळून पिवळा पडतो, ऑक्टोबरात कापणी होते आणि नोव्हेंबरमध्ये लेखक परतू लागतात तेव्हा शेते उघडी पडलेली असतात. उन्हाळ्याच्या दमट शेवटापासून थंडीच्या पहिल्या धुक्यापर्यंतचा हा काळ लेखकनिवासाच्या वेळापत्रकाशी जुळलेला असल्यामुळे येथे येऊन गेलेल्या अनेकांच्या लेखनात ऋतूचे हे वळण उतरले आहे.

गावाची स्थापना १८३९ मध्ये आयोवा प्रदेशाची राजधानी म्हणून झाली. १८४६ मध्ये आयोवाला राज्याचा दर्जा मिळाला, पुढच्याच वर्षी येथे विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा झाला, आणि १८५७ मध्ये राजधानी पश्चिमेकडील दि मॉइन या शहरात हलवली गेली. राजधानी गेली तेव्हा तिची इमारत विद्यापीठाच्या वाट्याला आली. ‘ओल्ड कॅपिटॉल’ या नावाने ओळखली जाणारी, सोनेरी घुमटाची ही दगडी वास्तू आजही गावाच्या मध्यभागी, आयोवा नदीच्या पूर्वेकडील चढावर उभी असून तिच्यासमोरून निघणारा आयोवा अॅव्हेन्यू हा गावातील रुंद, झाडांच्या सावलीचा रस्ता आहे. सत्ताकेंद्र हातून गेल्यामुळे गावाला आपले जीवन विद्यापीठाभोवती उभारावे लागले, आणि विद्यापीठाने पुढे जो एक असाधारण निर्णय घेतला त्याची पार्श्वभूमी काही अंशी येथे आहे असे म्हणता येईल.

तो निर्णय १९२२ चा. त्या वर्षी आयोवा विद्यापीठाने असे जाहीर केले की, पदव्युत्तर पदवीसाठी संशोधनपर प्रबंधाऐवजी कविता, कथा, चित्र किंवा संगीतरचना असे सर्जनशील कामही स्वीकारले जाईल. अमेरिकेतील विद्यापीठांत हे प्रथमच घडत होते. या धोरणातूनच १९३६ मध्ये ‘आयोवा रायटर्स वर्कशॉप’ ही लेखनाची पदव्युत्तर शाळा उभी राहिली. विल्बर श्रॅम हे तिचे पहिले संचालक. वर्कशॉप या शब्दाला येथे विशिष्ट अर्थ आहे. विद्यार्थी आपले हस्तलिखित आधी सर्वांना वाटतो, वर्गातील सहाध्यायी आणि शिक्षक त्यावर गोलात बसून चर्चा करतात, आणि ती चर्चा चालू असताना लेखकाने बहुतेक वेळ गप्प राहून ऐकायचे असते. ही पद्धत पुढे अमेरिकेतील शेकडो विद्यापीठांनी उचलली. तिच्यावर टीकाही बरीच झाली, विशेषतः सर्वांना पटेल असे सावध, घोटीव लेखन तिच्यातून निपजते हा आक्षेप वारंवार घेतला गेला, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र या पद्धतीचा एक परिणाम सहसा नोंदला जात नाही: अनेक दशके दरवर्षी येथे असे तरुण घडत गेले ज्यांना दुसऱ्याचे लेखन लक्ष देऊन ऐकण्याची सवय होती. जाहीर वाचनाला लागणारा श्रोतृवर्ग या शाळेने नकळत तयार केला.

श्रॅम यांच्यानंतर १९४१ पासून १९६५ पर्यंत वर्कशॉपचे नेतृत्व करणारे पॉल एंगल हे सीडर रॅपिड्सचे. घोडे शिकवून विकणाऱ्या गृहस्थाचा हा मुलगा कवी झाला, ऑक्सफर्डला शिकून आला आणि त्याने आयुष्याचा मोठा भाग आपल्याच मुलखात लेखक गोळा करण्यात घालवला. एंगल यांनी सांगितलेली एक हकिकत या विषयाशी निगडित असल्यामुळे येथे देण्याजोगी आहे. फ्लॅनरी ओ’कॉनर ही पुढे प्रख्यात झालेली कथालेखिका १९४० च्या दशकात त्यांच्या कचेरीत आली तेव्हा तिचा जॉर्जियाकडचा दाक्षिणात्य उच्चार त्यांना मुळीच कळेना. अखेर त्यांनी तिला आपले म्हणणे कागदावर लिहून द्यायला सांगितले. पुढे वर्गात तिच्या कथा एंगल स्वतः वाचून दाखवत. लेखकाचा आवाज आणि श्रोत्याचा कान यांच्यातील हे अंतर एकाच देशात, एकाच भाषेत इतके असू शकते, तर जगभरातील भाषा या गावात आणून त्या ऐकवण्याचा उद्योग किती अवघड असेल याची कल्पना या प्रसंगावरून येते.

तो उद्योग सुचला मात्र एंगल यांना नव्हे. ह्वालिंग न्ये या चिनी कादंबरीकर्तीचा जन्म १९२५ चा. १९४९ मध्ये त्या मुख्य चीनमधून तैवानला गेल्या, तेथे ज्या नियतकालिकाच्या संपादकवर्गात त्या होत्या ते सरकारने बंद पाडले, आणि १९६४ मध्ये एंगल यांच्या निमंत्रणावरून त्या आयोवाला आल्या. नौकाविहाराच्या वेळी त्यांनी एंगल यांच्यापुढे असा प्रस्ताव ठेवला की, अमेरिकी विद्यार्थ्यांच्या वर्कशॉपबरोबरच जगभरातील प्रस्थापित लेखकांसाठी एक स्वतंत्र उपक्रम सुरू करावा. एंगल यांना ती कल्पना प्रथम वेडेपणाची वाटली. परंतु १९६७ मध्ये ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’ प्रत्यक्षात आला, १९७१ मध्ये हे दोघे विवाहबद्ध झाले आणि १९७६ मध्ये काही लेखकांनी त्यांची नावे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचवले. आजवर १६०० हून अधिक लेखक या उपक्रमात येऊन गेले. त्यांत ओरहान पामुक, मो यान आणि हान कांग या पुढे नोबेल मिळवलेल्या तिघांचा समावेश आहे.

लेखकनिवास किंवा रेसिडेन्सी म्हणजे लेखकाला ठरावीक काळासाठी राहण्याची जागा, निर्वाहापुरती वृत्ती आणि मोकळा वेळ देण्याची व्यवस्था. अशा व्यवस्था जगात अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक लेखकाला लोकांपासून दूर, एकांतात नेऊन ठेवतात. आयोवाची रचना याच्या अगदी उलट आहे. येथे लेखकाला गावाच्या मध्यभागी, सार्वजनिक वाचनालयापासून आणि पुस्तकाच्या दुकानापासून पायी पोहोचता येईल अशा ठिकाणी ठेवले जाते आणि त्याच्याकडून गावासाठी काही अपेक्षाही केली जाते: वाचनालयातील दुपारच्या परिसंवादात भाग घेणे, विद्यापीठाच्या वर्गात आपल्या देशातील साहित्याविषयी बोलणे, आणि स्वतःचे लेखन जाहीरपणे वाचणे. एकांत हवा असलेल्या लेखकाला याचा जाच होण्याची शक्यता आहे. तथापि या सक्तीवजा अपेक्षेमुळेच हा उपक्रम निव्वळ पाहुणचारापुरता उरलेला नाही.

उपक्रमाची कचेरी नॉर्थ क्लिंटन स्ट्रीटवरील ‘शॅम्बॉ हाउस’ या जुन्या लाकडी घरात आहे. हे घर राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि आयोवाचे इतिहासकार बेंजामिन शॅम्बॉ यांचे. त्यांच्या पत्नी बर्था यांनी जवळच्या अमाना या जर्मन धर्मपंथीयांच्या सामुदायिक वसाहतींवर १९०८ मध्ये ग्रंथ लिहिला होता. विद्यापीठाला मूळ जागेवर नवी इमारत बांधायची होती तेव्हा घर पाडण्याऐवजी ते सबंधच्या सबंध उचलून त्याच रस्त्याने उत्तरेकडे नेण्यात आले. गेली अनेक वर्षे शुक्रवारी संध्याकाळी या घराच्या दर्शनी खोलीत वाचन होत आले आहे. खोली लहान, खुर्च्या मोजक्या. वाचणारा आणि पहिल्या ओळीतील श्रोता यांच्यात हातभराचे अंतर.

रविवारी दुपारी चार वाजता होणाऱ्या दुसऱ्या वाचनाची जागा साउथ डब्यूक स्ट्रीटवरील ‘प्रेअरी लाइट्स’ हे पुस्तकांचे दुकान आहे. जिम हॅरिस यांनी १९७८ मध्ये सुरू केलेले हे दुकान आज तीन मजल्यांवर पसरलेले असून वाचन वरच्या मजल्यावर, पुस्तकांच्या कपाटांच्या मधोमध होते. याच जागेत १९३० च्या दशकात गावातील साहित्यमंडळ भरत असे आणि कार्ल सँडबर्ग, रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्यासारखे कवी तेथे येऊन गेले. पुढे येथील वाचने राज्यातील सार्वजनिक नभोवाणीवरून प्रसारित होऊ लागली, त्यामुळे दूरच्या शेतघरांतही ती ऐकता येत. मार्च २०१० मध्ये अध्यक्ष बराक ओबामा गावात भाषणासाठी आले असता या दुकानात पुस्तके घेण्यासाठी थांबले होते, ही गोष्ट येथील लोक अभिमानाने सांगतात. गावाच्या दृष्टीने मात्र दुकानाची खरी मोलाची बाब म्हणजे आठवड्यातून अनेक संध्याकाळी तेथे कोणी ना कोणी वाचत असते, प्रवेश विनामूल्य असतो आणि कोणालाही आत येऊन बसता येते.

वाचनाचा क्रम ठरलेला आहे. साधारणतः दोन परदेशी लेखक आणि वर्कशॉपचा किंवा अनुवाद विभागाचा एखादा विद्यार्थी अशी जोडणी केलेली असते, आणि प्रत्येकाला पंधरा ते वीस मिनिटे मिळतात. प्रारंभी परिचय करून दिला जातो. तो थोडक्यात आणि लिहून आणलेला असतो, त्यात शाल, श्रीफळ, हार, दीपप्रज्वलन असा कोणताही विधी नसतो आणि व्यासपीठावर मान्यवरांची रांग नसते. वाचणारा एकटाच तिरप्या मेजामागे उभा राहतो. सभेच्या प्रास्ताविकातच अर्धा तास जाण्याची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला हे प्रथम कोरडे वाटण्याचा संभव आहे, परंतु मिळालेला सर्व वेळ कवितेसाठी उरतो हा त्याचा लाभ थोडा नाही. कवी इंग्रजीत लिहीत नसेल तर तो आरंभी एक-दोन कविता मूळ भाषेत वाचतो, मग त्यांचे इंग्रजी अनुवाद स्वतः वाचतो किंवा अनुवादकाकडून वाचवून घेतो, आणि उरलेल्या कविता बहुधा अनुवादातच येतात. काही कवी याच्या उलट क्रम पसंत करतात: आधी अर्थ सांगायचा आणि मग मूळ ऐकवायचे, म्हणजे श्रोत्याचे लक्ष नादाकडे मोकळे राहते. दोन्ही पद्धतींमध्ये दुसरी अधिक फलदायी आहे, कारण अर्थाचा आधार आधी मिळाला की न समजणाऱ्या भाषेतील यमके, पुनरुक्ती, थांबे आणि ओळींची लांबी कानाला वेगवेगळी ओळखू येऊ लागतात.

मराठी वाचकाला या रीतीचे एक जुने रूप परिचित आहे. वारकरी कीर्तनात कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो, तो प्रथम संपूर्ण म्हटला जातो, मग चरणाचरणाचा अर्थ उलगडला जातो आणि प्रत्येक उलगड्यानंतर कीर्तनकार टाळकऱ्यांसह मूळ चरणाकडे परततो. कविता एकदा ऐकून संपत नाही, ती अर्थानंतर पुन्हा ऐकायची असते, हे या रचनेतच अभिप्रेत आहे. आयोवा सिटीतील वाचनात संगीत नाही, भक्ती नाही आणि ऐकणाऱ्यांचा समुदायही वेगळ्याच संस्कारांचा आहे. तरीही मूळ आणि उलगडा यांची ही ये-जा दोन्हीकडे सारखीच आहे आणि दोन्हीकडे ती श्रोत्याच्या धीरावर अवलंबून आहे.

श्रोत्यांच्या प्रतिसादाची रीत मात्र अगदी भिन्न आहे. उर्दू मुशायऱ्यात शेराला ‘वाह’ मिळते, ‘मुकर्रर’ म्हणून तो पुन्हा म्हणायला लावला जातो. मराठी कविसंमेलनात टाळ्या आणि ‘वन्स मोअर’ यांची प्रथा आहे. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगावी एकत्र केलेल्या काव्यवाचनांनी मराठी श्रोत्याला कवीशी थेट देवघेव करण्याची सवय लावली. अमेरिकी काव्यवाचनात दोन कवितांच्या मध्ये टाळ्या सहसा वाजत नाहीत. श्रोते शांत बसून राहतात, एखाद्या ओळीला कोठूनतरी बारीक हुंकार येतो, आणि टाळ्या अखेरीसच पडतात. जेथे दाद हा कवितेचाच भाग समजला जातो अशा देशातून आलेल्या कवीला ही शांतता पहिल्या काही मिनिटांत नापसंतीसारखी वाटणे स्वाभाविक आहे. ती नापसंती नसते, हे वाचनानंतर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या बारकाव्यावरून कळते.

या शांततेबरोबर येथे एक वाचनशैलीही रूढ झाली आहे. विद्यापीठांतील अनेक अमेरिकी कवी संथ, जवळजवळ सपाट आवाजात वाचतात, प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वर किंचित वर नेतात आणि भावनेचे प्रदर्शन टाळतात. नाटकीपणाची भीती हे तिचे एक मूळ मानले जाते. परदेशी कवीच्या वाचनाने हा साचा मोडतो. अरबी कवी वृत्ताचा ताल उघडपणे धरतो, चिनी कवितेत शब्दांचे चढउतार भाषेच्याच उच्चारपद्धतीतून येतात, बंगाली किंवा रशियन परंपरेत वाढलेला कवी पुष्कळदा कागदाकडे न पाहता पाठ म्हणतो. एकाच दुपारी, एकाच खोलीत अशा दोन-तीन रीती शेजारीशेजारी ऐकल्याने वर्कशॉपच्या विद्यार्थ्याला आपल्या आवाजाची मर्यादा जितकी कळते तितकी ती कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही. परदेशी लेखकाला आयोवातून काय मिळाले याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आयोवाला परदेशी लेखकाकडून काय मिळाले याची ही बाजू त्याहून महत्त्वाची आहे.

वाचनाचा दुसरा आधार म्हणजे अनुवाद. पॉल एंगल यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातच येथे अनुवादाची कार्यशाळा सुरू करवली होती, आणि पुढे डॅनिएल वाइसबोर्ट यांनी ती दीर्घकाळ चालवली. वाइसबोर्ट यांनी १९६५ मध्ये टेड ह्यूज यांच्याबरोबर ‘मॉडर्न पोएट्री इन ट्रान्सलेशन’ हे नियतकालिक स्थापन केले होते. निवासी लेखकाची भाषा जाणणारा विद्यार्थी मिळाला तर दोघे मिळून काम करतात. तो न मिळाल्यास कवी शब्दशः इंग्रजी मसुदा देतो आणि इंग्रजी कवी त्याला रूप देतो, अशी तडजोड करावी लागते. या दुसऱ्या पद्धतीत मूळ कवीच्या बोलण्यावर, त्याच्या हातवाऱ्यांवर आणि मुख्य म्हणजे त्याने कविता म्हणून दाखवण्यावर सारी भिस्त असते. म्हणून काही अनुवाद जाहीर वाचनाच्या आदल्या आठवड्यात कवीच्या आवाजावरूनच दुरुस्त होतात. वाचनाची ठरलेली तारीख ही अनुवादाची मुदतही असते, ही साधी व्यावहारिक गोष्ट या व्यवस्थेच्या यशाचे एक कारण आहे.

मराठीचा या गावाशी आलेला सर्वांत महत्त्वाचा संबंध याच वाटेने आला. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये होते. ते येथे पोहोचले तेव्हा मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणारे कवी म्हणून तयार झालेले होते, आणि १९४५ ते १९६५ या काळातील मराठी कवितेचे इंग्रजी संकलन त्यांनी १९६७ मध्येच संपादित केले होते. म्हणजे परक्या श्रोत्यापुढे मराठी कविता कशी न्यावी हा प्रश्न त्यांच्यासाठी नवा नव्हता. १९८० मध्ये त्यांचा ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ हा इंग्रजी कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. अनेक वर्षांच्या कामानंतर तुकारामाच्या अभंगांचा त्यांचा इंग्रजी अनुवाद ‘सेज तुका’ १९९१ मध्ये आला, आणि १९९४ मध्ये मराठी कवितेसाठी आणि या अनुवादासाठी असे साहित्य अकादमीचे दोन्ही पुरस्कार त्यांना मिळाले. त्यांच्या आधी, १९७१ ते १९७३ या काळात, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आयोवात होते; त्यांनी पुढे कबीराचे इंग्रजी अनुवाद केले. एका लेखकनिवासातून आलेल्या दोन भारतीय कवींनी मध्ययुगीन संतकवींकडे वळावे याचे श्रेय त्या गावाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण दोघांचीही ती ओढ स्वतंत्र आणि जुनी होती. इतके मात्र म्हणता येते की, जेथे आठवड्यागणिक कोणी तरी आपल्या भाषेतील कविता परक्या कानांसाठी पुन्हा रचत होते अशा ठिकाणी राहिल्याने अनुवाद हे दुय्यम काम नसून कवीचेच काम आहे, या जाणिवेला बळ मिळाले असावे.

बंगालीशी गावाचा संबंध याहूनही जुना आहे. एंगल १९६३ मध्ये आशियाच्या दौऱ्यावर असताना कलकत्त्याला गेले, आणि त्यांच्या निमंत्रणावरून सुनील गंगोपाध्याय त्याच वर्षी आयोवाला आले. पुढे त्यांनी लिहिलेल्या ‘छबिर देशे कबितार देशे’ या पुस्तकामुळे बंगाली वाचकांच्या कित्येक पिढ्यांना मक्याच्या शेतांतील हे गाव ठाऊक झाले. शंख घोष हे इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमच्या पहिल्याच वर्षी आलेल्यांपैकी एक. चित्रे यांच्या आयोवातील वर्षांवर मराठीत त्या तोडीचे प्रवासवर्णन झालेले नाही, ही उणीव जाणवणारी आहे.

लेखकांना जगभरातून बोलावण्यामागे निव्वळ साहित्यप्रेम होते असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेचे परराष्ट्र खाते या उपक्रमाच्या प्रमुख आश्रयदात्यांपैकी होते, आणि एंगल यांच्या कार्याला मिळालेल्या देणग्यांत फारफील्ड फाउंडेशनची देणगी होती. या संस्थेमार्फत अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा सांस्कृतिक कामांकडे वळवला जात होता, हे नंतर उघड झाले. हे सारे लक्षात घेऊनही, त्या पैशाने प्रत्यक्षात जे घडले ते देणाऱ्यांच्या हिशेबापलीकडचे होते, असे मत येथे नोंदवावेसे वाटते. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये ह्वालिंग न्ये एंगल यांनी मुख्य चीन, तैवान आणि इतरत्र राहणाऱ्या चिनी लेखकांना येथे एकत्र आणले. तीस वर्षे एकमेकांशी बोलण्याची सोय नसलेले लेखक एका खोलीत बसून एकमेकांचे ऐकू लागले. तैवानचे चेन यिंगचेन यांना १९६८ मध्ये आयोवाचे निमंत्रण आले होते, परंतु निघण्यापूर्वीच त्यांना अटक झाली. ते १९८३ मध्ये, तुरुंगवास भोगून झाल्यावर, येथे पोहोचले आणि त्याच वर्षी शांघायहून तरुण वांग आन्यी आपल्या लेखिका आईबरोबर आल्या होत्या. अशा लेखकाने आपल्या भाषेत चार ओळी मोठ्याने वाचणे हे त्याच्या स्वतःच्या देशात अशक्य असलेले कृत्य असू शकते. दुकानाच्या वरच्या मजल्यावरील त्या साध्या मेजाचे महत्त्व अशा वेळी पूर्णपणे लक्षात येते.

पैशाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. २०२५ च्या आरंभी परराष्ट्र खात्याने उपक्रमाची अनुदाने बंद केली. काही योजना गुंडाळाव्या लागल्या आणि शरद ऋतूतील निवास विद्यापीठाच्या व खासगी देणग्यांच्या आधारे लहान प्रमाणावर चालवण्याची वेळ आली. त्याआधीच्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ह्वालिंग न्ये एंगल यांचे आयोवा सिटीतच निधन झाले. नॉर्थ डब्यूक स्ट्रीटजवळच्या टेकडीवर, नदीकडे पाहणाऱ्या त्यांच्या घरात लेखकांच्या अनेक पिढ्या जेवून गेल्या होत्या. वाचनाची औपचारिक बाजू गावात आणि गप्पांची बाजू या घरात, अशी ती विभागणी होती.

गाव पाहण्यासाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा काळ सर्वांत चांगला, कारण तेव्हा हवा कोरडी असते, झाडांची पाने रंगलेली असतात आणि वाचने भरात असतात. ओल्ड कॅपिटॉलपासून आयोवा अॅव्हेन्यूने पूर्वेकडे चालत गेल्यास पदपथात बसवलेले कांस्यपट दिसतात. आयोवाशी संबंध आलेल्या चाळीसहून अधिक लेखकांची वचने त्यांवर कोरलेली आहेत. वर्कशॉपचे ठिकाण असलेले ‘डे हाउस’ हे १८५७ चे घर नदीकाठच्या चढावर आहे आणि शॅम्बॉ हाउस तेथून जवळच आहे. लिन स्ट्रीटवरील सार्वजनिक वाचनालयात शुक्रवारी दुपारी निवासी लेखकांचे परिसंवाद होतात. जून २००८ मध्ये आयोवा नदीला आलेल्या महापुराने विद्यापीठाच्या अनेक इमारती पाण्याखाली गेल्या होत्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने या गावाला ‘साहित्यनगरी’ म्हणून मान्यता दिली. एडिंबरा आणि मेलबर्न यांच्यानंतर हा मान मिळवणारे हे तिसरे ठिकाण. भारतातील कोळिकोड या यादीत २०२३ मध्ये आले. बेंजामिन आणि बर्था शॅम्बॉ यांच्या घरात संध्याकाळ घालवलेल्या प्रवाशाने बर्था यांनी अभ्यासलेली अमानाची सात खेडीही पाहावीत. ती मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत.

जे शरद ऋतूत येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी विद्यापीठाने वाचनांच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह सर्वांना खुला ठेवला आहे. त्यात प्रेअरी लाइट्समधील जुनी वाचनेही आहेत आणि निवासी लेखकांचे मूळ भाषेतील आवाजही. अनुवादासह छापलेली कविता ग्रंथालयांत कोठेही मिळते, परंतु ती कवीने कोठे थांबून, कोणता शब्द लांबवून म्हटली होती हे या संग्रहातूनच कळते. भारतीय भाषांतील कवींच्या वाचनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आरंभ येथून करावा.